विश्लेषण : पंख नसलेल्या पक्ष्यावर ४० टक्के शुल्क का लागले? व्हायोलिन घडवणाऱ्या ब्रांकुशी यांची गोष्ट

एक शिल्प हाताने घडवले आहे की यंत्राने, आणि ते पक्ष्यासारखे दिसते की नाही, यावर जवळपास शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये खटला चालला. शिल्पाचे नाव होते ‘बर्ड इन स्पेस’, म्हणजे अवकाशातील पक्षी. शिल्पकार होते रुमानियाच्या एका खेड्यातून आलेले कॉन्स्टंटिन ब्रांकुशी. मेंढ्या राखणारा मुलगा, दुकानातला पोऱ्या, सुतारकामाचा विद्यार्थी आणि पुढे आधुनिक शिल्पकलेचा एक आधारस्तंभ, असा त्यांचा प्रवास झाला. टाकाऊ लाकडातून बनवलेल्या एका व्हायोलिनने त्यांच्यासाठी शिक्षणाचे दार उघडले. पक्ष्याचा विषय त्यांनी तीसएक वर्षे सोडला नाही. या पक्ष्यांचा एक धागा इंदूरच्या होळकरांपर्यंतही येतो.

अमेरिकेच्या बंदरात काय घडले?

१९२६ च्या शरद ऋतूत ब्रांकुशी यांची सुमारे २० शिल्पे बोटीने न्यूयॉर्कला पोहोचली. ब्रमर गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरणार होते. शिल्पांसोबत ब्रांकुशी यांचे मित्र आणि प्रसिद्ध कलावंत मार्सेल द्युशाँ होते. खोकी उघडल्यावर सीमाशुल्क अधिकारी गोंधळले. त्यात एक उंच, निमुळती, आरशासारखी चकाकणारी ब्रॉन्झची वस्तू होती. तिला पंख नव्हते, पाय नव्हते, चोच नव्हती. कागदावर मात्र ‘पक्षी’ असे लिहिले होते.

अमेरिकेच्या १९२२ च्या शुल्क कायद्यानुसार अस्सल शिल्पांवर आयात शुल्क लागत नसे. धातूच्या इतर वस्तूंवर ४० टक्के शुल्क होते. अधिकाऱ्यांनी हा पक्षी शिल्प मानायला नकार दिला आणि त्याची नोंद स्वयंपाकाची भांडी व रुग्णालयाचे साहित्य या वर्गात केली. पक्षी विकत घेतला होता छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी. शुल्क भरून विषय संपवणे सोपे होते. पण तसे केले असते, तर हे शिल्प नाही, हे मान्य केल्यासारखे झाले असते. म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. लढाईचा खर्च गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या श्रीमंत कलासंग्राहक शिल्पकर्तीने उचलला.

ब्रांकुशी कोण होते?

ब्रांकुशी यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८७६ रोजी रुमानियातील गोर्ज प्रांतात, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या होबित्सा या गावी झाला. कुटुंब शेतकऱ्याचे होते. लहानपणी ते मेंढ्या राखत. त्या भागात घराचे खांब, फाटक, चमचे, पेट्या असे सारे लाकडात कोरण्याची जुनी रीत होती. घराच्या खांबांवर एकावर एक रचलेल्या चौकटींची नक्षी असे. ही नक्षी पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या शिल्पात पुन्हा दिसते.

घरात मन रमत नव्हते. ते अनेकदा पळून जात आणि दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी घर कायमचे सोडले. मग तिर्गू जिऊ, स्लातिना, क्रायोव्हा अशा गावांत दुकाने आणि खानावळींत पडेल ते काम केले. शाळेत नीट बसण्याची संधी त्यांना फारशी मिळाली नाही. हाताला मात्र लाकडाचे वेड होते.

व्हायोलिनने आयुष्य कसे बदलले?

क्रायोव्हा शहरात कामाला असताना, साधारण १८ व्या वर्षी, ब्रांकुशी यांनी एक व्हायोलिन बनवले. त्यासाठी त्यांनी फळांच्या खोक्याच्या फळ्या वापरल्या, असे सांगितले जाते. वाद्य नुसते दिसायला चांगले नव्हते, ते वाजतही होते. हे कौशल्य पाहून तिथल्या एका उद्योजकाने या मुलाला शिकवले पाहिजे, असे मनावर घेतले. त्यातून त्यांना क्रायोव्हाच्या कला आणि हस्तव्यवसाय शाळेत प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी सुतारकाम आणि कोरीव काम शिकून १८९८ मध्ये विशेष गुणवत्तेसह शिक्षण पूर्ण केले.

या घटनेकडे केवळ गमतीदार आठवण म्हणून पाहिले तर महत्त्वाची गोष्ट निसटते. व्हायोलिनमध्ये लाकडाच्या वरच्या आणि खालच्या पातळ पट्टीची जाडी किंचित बदलली तरी नाद बदलतो. ती वाजवून, ऐकून, पुन्हा तासावी लागते. लाकूड किती काढायचे, यापेक्षा कुठे थांबायचे हे कळणे त्यात महत्त्वाचे. पुढे संगमरवर आणि ब्रॉन्झचे पक्षी घडवताना ब्रांकुशी याच सवयीने काम करताना दिसतात. संगीतही आयुष्यभर सोबत राहिले. पॅरिसच्या रुमानियन चर्चमध्ये ते गात. संगीतकार एरिक साती हे त्यांचे जवळचे मित्र होते आणि त्यांच्या कार्यशाळेत ग्रामोफोनच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता.

पॅरिसला गेले, मग रोदँना का सोडले?

क्रायोव्हानंतर त्यांनी बुखारेस्टच्या ललित कला शाळेत शिक्षण घेतले. तिथे त्यांनी शरीरशास्त्राचे अध्यापक दिमित्रिए गेरोता यांच्या मार्गदर्शनाखाली कातडी काढलेल्या मानवी देहाचे, प्रत्येक स्नायू दाखवणारे शिल्प केले. ते इतके अचूक होते की वैद्यकीय शिक्षणासाठी वापरले गेले. म्हणजे ‘जसे दिसते तसे’ घडवणे त्यांना येत नव्हते, असे मुळीच नाही. पुढे त्यांनी ते जाणूनबुजून सोडले.

१९०३ मध्ये ते पॅरिसकडे निघाले. पैसे नसल्याने वाटेतला बराच प्रवास त्यांनी पायी केला. वाटेत आजारीही पडले. १९०४ मध्ये पॅरिसला पोहोचल्यावर पोटासाठी त्यांनी भांडी घासली. नंतर तिथल्या नामवंत कला महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. १९०७ मध्ये त्या काळचे सर्वांत मोठे शिल्पकार ओग्युस्त रोदँ यांच्या कार्यशाळेत त्यांना काम मिळाले. कोणाही तरुणासाठी ही आयुष्याची संधी होती. ब्रांकुशी मात्र काही आठवड्यांतच तिथून बाहेर पडले. इतक्या मोठ्या माणसाच्या सावलीत राहिलो तर आपली वाट सापडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

हाताने कोरण्यात वेगळे काय होते?

रोदँ यांच्या काळात संगमरवरी शिल्प बहुधा शिल्पकार स्वतः कोरत नसे. तो माती किंवा प्लास्टरमध्ये नमुना करी. मग कुशल कारागीर मोजमापाच्या उपकरणाने नमुन्यावरचे बिंदू दगडावर उतरवून घेत आणि त्यानुसार दगड कोरत. एकाच नमुन्यावरून लहानमोठ्या अनेक प्रती निघत. कल्पना एकाची आणि छिन्नी दुसऱ्याची, अशी ही पद्धत होती.

ब्रांकुशी यांनी ती नाकारली. नमुना न करता थेट दगडावर छिन्नी चालवायची, हे त्यांनी ठरवले. दगडाचा कण, लाकडाची शीर, गाठ पाहत पाहत आकार ठरू द्यायचा. १९०७-०८ मधले ‘द किस’ हे शिल्प याच पद्धतीचे आहे. त्यात एका ठोकळ्यातून मिठी मारलेली दोन माणसे निघतात, पण दगडाचा ठोकळेपणा तसाच राहतो. रोदँ यांचे त्याच नावाचे शिल्प शेजारी ठेवून पाहिले, तर दोन काळांतला फरक एका नजरेत कळतो.

हा बदल केवळ तंत्राचा नव्हता. थेट दगडावर काम करताना चुकलेला घाव परत घेता येत नाही. त्यामुळे बारीकसारीक तपशील गळत जातात आणि सांगायलाच हवे तेवढे उरते. शिल्पाखालचे चौथरेही ब्रांकुशी स्वतः करत. लाकूड, चुनखडी, संगमरवर यांचे थर एकमेकांवर ठेवून बनवलेला चौथरा त्यांच्याकडे शिल्पाचाच भाग झाला. कार्यशाळेतली बरीचशी सामानसुमानाची मांडणी, टेबले, बाकडी आणि भट्टीसुद्धा त्यांनी हातानेच उभारली होती. आपल्या शिल्पांची छायाचित्रेही ते स्वतः काढत.

पक्षीच का?

रुमानियाच्या लोककथांत ‘मायास्त्रा’ नावाची एक जादूची पक्षीण आहे. तिची पिसे सोन्याची आणि गाणे चमत्कार करणारे. राजपुत्राला संकटातून वाट दाखवणारी ही पक्षीण ब्रांकुशी यांनी लहानपणापासून ऐकलेली होती. १९१० च्या सुमारास त्यांनी ती दगडात कोरायला घेतली. पहिल्या ‘मायास्त्रा’ शिल्पात फुगलेली छाती, वर ताठ झालेली मान आणि गाण्यासाठी उघडलेली चोच स्पष्ट दिसते. ब्रॉन्झमधली एक ‘मायास्त्रा’ स्टायकेन यांनी फार आधीच घेतली होती. ती आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

त्यानंतरच्या ‘सोनेरी पक्ष्या’त चोच आणि पाय जवळजवळ विरले. १९२३ पासून ‘बर्ड इन स्पेस’ सुरू झाला. त्यात उरली ती फक्त वर झेपावणारी एक रेष. खाली अतिशय बारीक, मधे हलकेच फुगलेली आणि टोकाला तिरपी कापलेली. पक्षी कसा दिसतो, हे सोडून तो उडतो म्हणजे काय होते, याकडे ते वळले. गाणाऱ्या गळ्यापासून निघालेला हा प्रवास उड्डाणापर्यंत आला.

१९१० ते १९४० च्या दशकापर्यंत त्यांनी संगमरवर आणि ब्रॉन्झमध्ये दोन डझनांहून अधिक पक्षी केले. एकाच विषयाची ही पुनरावृत्ती वाटते, पण दोन पक्षी अगदी सारखे नाहीत. कुठे फुगवटा किंचित वर सरकतो, कुठे खालचा भाग आणखी बारीक होतो. बारीक होण्यालाही मर्यादा होती. संगमरवराचा तळ जास्त बारीक केला तर पक्षी स्वतःच्या वजनाने मोडण्याची भीती असे.

खटला कशावर लढला गेला?

ऑक्टोबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या सीमाशुल्क न्यायालयात साक्षी सुरू झाल्या. न्यायालयापुढे मुख्यतः तीन मुद्दे होते. ही वस्तू काही उपयोगाची आहे का? ती व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे का, की यांत्रिक प्रक्रियेने बनली आहे? आणि ती शिल्प म्हणण्यासारखी आहे का?

तिसऱ्या मुद्द्यावर सरकारच्या हाती १९१६ चा एक जुना निकाल होता. त्यानुसार शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूची, विशेषतः माणसाची, हुबेहूब प्रतिकृती. त्यामुळे साक्षीदारांना सारखे विचारले जात होते की हा पक्षी कशावरून? स्टायकेन यांना तर, जंगलात अशी वस्तू दिसली असती तर तुम्ही तिच्यावर बंदूक रोखली असती का, अशा अर्थाचा प्रश्न आला. सरकारच्या बाजूने रॉबर्ट एटकेन आणि थॉमस जोन्स या दोन प्रस्थापित शिल्पकारांनी हे शिल्प नाही, अशी साक्ष दिली. दुसऱ्या बाजूला शिल्पकार जेकब एपस्टाइन, ब्रुकलिन संग्रहालयाचे संचालक विल्यम हेन्री फॉक्स आणि काही समीक्षक होते. कला कशाला म्हणायचे, यावर शिल्पकारच शिल्पकारांविरुद्ध उभे राहिले.

दुसरा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा होता. पक्ष्यावर हाताची एकही खूण नव्हती. छिन्नीचा ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही. इतकी चकाकी पाहून ही कारखान्यातली वस्तू वाटणे स्वाभाविक होते. ब्रांकुशी यांनी पॅरिसमधून शपथेवर जबाब दिला आणि आपली पद्धत सांगितली. मूळ आकार स्वतः घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा नमुना करायचा आणि तो ओतशाळेत द्यायचा. ओतून आलेला ब्रॉन्झ खडबडीत असतो. त्याची छिद्रे बुजवून, कानशीने घासून, मग अगदी बारीक साहित्याने तो चकचकीत होईपर्यंत काम करायचे. हे शेवटचे काम दीर्घकाळ चाले आणि तेच निर्णायक असे. याच टप्प्यावर आकारात सूक्ष्म बदल होत. म्हणून साच्यातून आलेला असला तरी प्रत्येक पक्षी स्वतंत्र होता. जी चकाकी पाहून अधिकाऱ्यांना यंत्राचा संशय आला, ती हाताच्याच मेहनतीची होती.

निकाल काय लागला?

नोव्हेंबर १९२८ मध्ये न्यायमूर्ती वेट यांनी निकाल ब्रांकुशी यांच्या बाजूने दिला. ही वस्तू पक्ष्यासारखी दिसते, असे न्यायालयाने म्हटले नाही. उलट तिचा पक्ष्याशी संबंध जोडणे कठीण जाते, हे मान्य केले. पण निसर्गाची नक्कल करण्याऐवजी अमूर्त कल्पना मांडणारा कलेचा एक नवा संप्रदाय आता निर्माण झाला आहे आणि तो आपल्याला आवडो वा न आवडो, त्याचे अस्तित्व न्यायालयाला नाकारता येणार नाही, अशी भूमिका घेतली. शिल्प सुंदर आहे, त्याचा दुसरा काही उपयोग नाही आणि ते व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे, एवढे पुरेसे ठरले. पक्षी शुल्कमुक्त झाला.

या निकालाने कलेची व्याख्या केली नाही. पण ती व्याख्या बंदरावरच्या अधिकाऱ्याने किंवा जुन्या निकालातल्या एका वाक्याने ठरवू नये, हे मात्र स्पष्ट केले. म्हणूनच कला आणि कायदा यांच्या अभ्यासात हा खटला आजही शिकवला जातो.

इंदूरच्या होळकरांशी संबंध कसा आला?

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले आणि आधुनिक कलेची आवड असलेले संस्थानिक होते. त्यांच्या पत्नी संयोगिताराजे या कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. या दाम्पत्याने जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून इंदूरला ‘माणिक बाग’ हा अत्याधुनिक राजवाडा उभारून घेतला. फ्रेंच लेखक आणि कलासंग्राहकांचे सल्लागार आन्री-पिएर रोशे यांच्यामार्फत महाराजांची ब्रांकुशी यांच्याशी ओळख झाली. महाराजांनी आधी ब्रॉन्झचा ‘बर्ड इन स्पेस’ घेतला. मग एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा, असे आणखी दोन पक्षी मागवले.

यातूनच इंदूरला एक ध्यानमंदिर बांधण्याची कल्पना निघाली. आत पाण्याचे कुंड, त्याभोवती पक्षी आणि वरच्या झरोक्यातून पडणारा प्रकाश, असा विचार होता. तिबेटी योगी मिलारेपा यांचे चरित्र ब्रांकुशी यांना अतिशय प्रिय होते. त्यामुळे भारतात असे मंदिर उभारणे हे त्यांच्यासाठी नेहमीचे काम नव्हते. पण जुलै १९३७ मध्ये संयोगिताराजे यांचे अकाली निधन झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला आले, तेव्हा महाराजांचे मन या योजनेतून उडाले होते. ब्रांकुशी परत गेले आणि मंदिर कागदावरच राहिले.

मेंढ्या राखत वाढलेला हा रुमानियन शिल्पकार आणि धनगर समाजातून पुढे आलेल्या मल्हारराव होळकरांचे वंशज यांची ही भेट अपुरी राहिली. पुढे पक्षीही इंदूरला राहिले नाहीत. ब्रॉन्झचा पक्षी आज अमेरिकेत पासाडीनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. काळा-पांढरा जोड १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतला. तो आता कॅनबेरात आहे. माणिक बागेत पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क विभागाचे कार्यालय आले. ज्या शिल्पमालिकेने शुल्क विभागाशी खटला लढला, तिच्यासाठी उत्सुक असलेल्या राजवाड्यात शुल्काचेच कार्यालय थाटले गेले, हा योगायोगच.

मायदेशाने त्यांची दखल घेतली का?

इंदूरला येण्यापूर्वी ब्रांकुशी तिर्गू जिऊ येथे काम करत होते. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये जिऊ नदीकाठी लढलेल्यांच्या स्मरणार्थ गोर्जच्या महिला संघटनेने त्यांना स्मारक करायला सांगितले होते. तिथे त्यांनी ‘मौनाचे मेज’, ‘चुंबनाचे द्वार’ आणि सुमारे २९ मीटर उंचीचा ‘अनंत स्तंभ’ उभा केला. स्तंभाचे लोखंडी भाग कारखान्यात ओतले गेले. पण त्यासाठीचा मूळ नमुना त्यांनी लाकडात स्वतः कोरला होता. एकावर एक रचलेल्या त्या चौकटी लहानपणी पाहिलेल्या घरांच्या खांबांची आठवण देतात. ऑक्टोबर १९३८ मध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले.

साम्यवादी राजवटीत मात्र या कलेला प्रतिष्ठा उरली नाही. १९५० च्या दशकात हा स्तंभ पाडण्याचा प्रयत्नही झाला, पण तो पडला नाही. ब्रांकुशी यांनी १९५२ मध्ये फ्रान्सचे नागरिकत्व घेतले आणि आपली कार्यशाळा, त्यातली शिल्पे आणि हत्यारे यांसह, फ्रान्सच्या नावे केली. अट एकच होती. सारे जसे मांडले आहे तसेच ठेवायचे. १६ मार्च १९५७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. ती कार्यशाळा पुढे पाँपिदू केंद्रासमोर वास्तुरचनाकार रेंझो पियानो यांनी जशीच्या तशी उभी केली.

जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने तिर्गू जिऊचे स्मारक जागतिक वारसा यादीत घेतले. हा निर्णय ज्या बैठकीत झाला, ती नवी दिल्लीत भरली होती. भारतात त्यांचे मंदिर झाले नाही, पण त्यांच्या स्तंभावर जगाची मोहोर इथेच उमटली.

आज ही गोष्ट का महत्त्वाची?

यंत्राने केलेले आणि माणसाने केलेले यांतला फरक ओळखणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. १९२६ मध्ये अधिकाऱ्यांची अडचण नेमकी हीच होती. त्यांनी वस्तूचा पृष्ठभाग पाहिला आणि निर्णय घेतला. न्यायालयाने वस्तू कशी घडली आणि कोणी घडवली, हे विचारले. खोक्याच्या फळ्यांतून व्हायोलिन करणाऱ्या मुलाला क्रायोव्हातल्या एका माणसाने असेच थांबून पाहिले होते. त्या पाहण्यामुळेच तो मुलगा शाळेत पोहोचला.